विजेचें बिल आणि विजेची मालकी

पुण्यांत सदाशिव पेठेंतला जुना वाडा असो, नाहीं तर कोथरुडांतली नवी सदनिका असो, महिन्याकांठीं विजेचें बिल हातीं पडलें म्हणजे घरांतलें वडील माणूस प्रथम आंकडा पाहतें, मग चष्मा शोधतें आणि शेवटीं पंखा कोणी चालूं ठेवला होता याची चौकशी सुरू करतें. चौकशींतून बहुधा कांहींच निष्पन्न होत नाहीं. बिल भरावेंच लागतें. किराणा महाग वाटला तर दुकान बदलतां येतें, भाजी महाग वाटली तर मंडईंत पुढच्या गाळ्यावर जातां येतें; विजेच्या बाबतींत तशी सोय नाहीं. घरांत एकच तार आलेली असते, आणि त्या तारेच्या दुसऱ्या टोकाला कोण बसलें आहे याचा विचार बिल वाढल्यावरच मनांत येतो.

असा विचार आला म्हणजे दोन मतें ऐकूं येतात. एक मत म्हणतें, कारभार सरकारी आहे म्हणून वीज महाग. खाजगी कंपनीकडे द्या, म्हणजे सगळें सुधारेल. दुसरें म्हणतें, खाजगी कंपनी नफ्यासाठीं बसलेली. तिच्या हातीं वीज गेली कीं गरिबाच्या घरांतला दिवा विझलाच. दोन्ही मतें आवेशानें मांडलीं जातात. त्यांची पारख करावयाची तर आधीं बिल नीट वाचलें पाहिजे, आणि मग पुण्याचा व महाराष्ट्राचा गेल्या शंभर वर्षांचा अनुभव तपासला पाहिजे.

त्रैराशिक शाळेंत सर्वांनींच घोटलेलें असतें. शंभर नारळांना अमुक रुपये पडले, तर दोनशें नारळांना किती? उत्तर तोंडींच देतां येतें: दुप्पट. विजेच्या बिलाला हें गणित लागू पडत नाहीं. १ एप्रिल २०२४ पासून महावितरणचें जें दरपत्रक लागू झालें, त्यांत घरगुती ग्राहकाला पहिल्या शंभर युनिटांसाठीं दर युनिटामागें ४ रुपये ७१ पैसे वीज आकार आणि १ रुपया १७ पैसे वहन आकार, असे एकूण ५ रुपये ८८ पैसे पडत. एकशेंएकाव्या युनिटापासून तीनशेंपर्यंत वीज आकार होता १० रुपये २९ पैसे. त्यांत वहन आकार मिळविला म्हणजे ११ रुपये ४६ पैसे झाले. आतां हिशेब करावा. शंभर युनिटांचे ५८८ रुपये. दोनशें युनिटांचे ५८८ अधिक १,१४६, म्हणजे १,७३४ रुपये. वीज दुप्पट, पैसे जवळजवळ तिप्पट! शिवाय स्थिर आकार निराळा, कोळसा महागला तर इंधन समायोजन आकार निराळा, आणि वर शेंकडा १६ वीज शुल्क सरकारजमा.

या चढत्या पायऱ्या कोणी दुष्टपणानें घातलेल्या नाहींत. एक दिवा आणि एक पंखा एवढ्यावर ज्याचें घर चालतें त्याला वीज स्वस्त मिळावी, आणि ज्याच्या घरीं खोलीखोलींतून थंड हवेचीं यंत्रें चालतात त्यानें अधिक द्यावें, हा त्यांतला हेतु आहे व तो रास्तच आहे. मात्र मोजमाप माणसांचें न होतां मीटरचें होतें, हेंहि ध्यानांत ठेवलें पाहिजे. एका मीटरवर आजीपासून नातवंडांपर्यंत आठ माणसें राहात असलीं तर त्यांना वरच्या पायरीचा दर लागतो, आणि शेजारच्या दोघांच्या संसाराला खालचा. म्हणजे चांगल्या हेतूनें केलेल्या नियमांतहि कोणाचा तरी पाय अडकतोच. तो कोणाचा अडकतो हें पाहावयाला कोणी तरी बसलेलें असावें लागतें.

बिलांतला रुपया जातो कोठें, हा पुढचा प्रश्न. त्यांतला फार मोठा भाग वीज विकत घेण्यांतच संपतो. खाणींतला कोळसा, तो आणणारी आगगाडी, वीजघर उभारण्यासाठीं काढलेल्या कर्जाचें व्याज, हें सर्व त्यांत येतें. त्यानंतर उंच मनोऱ्यांवरून वीज वाहून आणण्याचा खर्च, गल्लीबोळांतल्या तारांचा व रोहित्रांचा खर्च, नोकरवर्गाचे पगार, आणि वाटेंत मुरलेली किंवा चोरीला गेलेली वीज. शेतीपंपांना वीज खर्चाहून पुष्कळच स्वस्त दिली जाते. ती तूट कांहीं अंशीं सरकार भरतें, आणि कांहीं अंशीं कारखाने, दुकानें व अधिक वीज वापरणारीं घरें यांच्या बिलांतून ती भरून निघते. २०२४ सालीं राज्य सरकारनें साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या शेतीपंपांना मोफत वीज देण्याची योजना जाहीर केली व तिचा भार सरकारी तिजोरीवर घेतला. ते पैसे बिलांतून न जातां करांतून जातील एवढाच त्याचा अर्थ, खिसा एकच.

आतां असें पाहा कीं, मालक बदलला म्हणून कोळसा स्वस्त होत नाहीं, आणि पुण्याहून वेल्ह्यापर्यंतच्या तारेची लांबीहि कमी होत नाहीं. मालकाच्या हातांत राहतात त्या चार गोष्टी: गळती, उधळपट्टी, कर्जाचें ओझें आणि नफा. सरकारी कारभारांत पहिल्या दोहोंची भीति अधिक, खाजगी कारभारांत शेवटच्या दोहोंची. इतका फरक मानला तरी या चारी रकमा शेवटीं ग्राहकाच्याच बिलांत येऊन बसतात. त्या रकमा कोण तपासतो, आणि तपासून ‘ही रक्कम बिलांत घालावयाची नाहीं’ असें कोण सांगूं शकतो, यावर सारें अवलंबून आहे. महाराष्ट्राच्या अनुभवांत याचे दाखले पावलोपावलीं सांपडतात.

पुणें जिल्ह्यांतला विजेचा पहिला मोठा वाद पैशांचा नव्हता. तो जमिनीचा होता. टाटा कंपनीनें १९१५ सालीं खोपोलीच्या वीजघरांतून मुंबईला वीज पोंचविली. पुढें मुळशी येथें धरण बांधण्याचें काम निघालें. मावळांतल्या शेतकऱ्यांचीं भातखाचरें आणि गांव पाण्याखालीं जाणार, आणि त्या पाण्यावर कोंकणांत भिऱ्याला निघालेली वीज मुंबईच्या गिरण्यांना जाणार, अशी ती योजना होती. १९२१ सालीं मुळशीचा सत्याग्रह सुरू झाला. सेनापति बापटांनीं त्याचें नेतृत्व केलें व त्यासाठीं तुरुंगवास भोगला. धरण व्हावयाचें तें झालेंच. १९२७ पासून भिऱ्याचें वीजघर चालूं झालें. मुंबईला वीज स्वस्त पडली, परंतु मावळ्यानें भरलेली किंमत त्या विजेच्या दरांत कोठेंच लिहिलेली नव्हती. हिशेबांतून कांहीं गाळलें म्हणजे आंकडा लहान दिसतो, हा पहिला धडा मुळशीनें दिला.

दुसरा धडा खुद्द पुणें शहरांतला आहे, आणि तो बराचसा विस्मृतींत गेला आहे. रास्ता पेठेंतल्या ‘पॉवर हाऊस’चें नांव पुणेकरांच्या तोंडीं अजूनहि आहे, पण या शहराला एके काळीं पूना इलेक्ट्रिक सप्लाय कंपनी नांवाची खाजगी कंपनी वीज पुरवीत होती, हें नव्या पिढीला क्वचितच ठाऊक असतें. म्हणजे ‘पुण्याची वीज खाजगी कंपनीकडे द्यावी कीं काय’ हा प्रश्न पुण्याला अगदींच नवा नव्हे. त्या काळीं वीज पुरविण्याचा परवाना १९१० च्या कायद्याखालीं मिळे. एका गांवांत एकच कंपनी, तेव्हां तिनें मनाला येईल तो दर लावला तर ग्राहकानें करावें काय? या प्रश्नाचें उत्तर १९४८ च्या वीजपुरवठा कायद्यानें दिलें. त्या कायद्याच्या सहाव्या परिशिष्टांत कंपनीचा नफा किती असावा याचें मोजमाप ठरवून दिलें होतें. गुंतविलेल्या भांडवलावर वाजवी मोबदला कंपनीनें घ्यावा. नफा त्याहून अधिक झाला तर त्या जादा रकमेचा एक तृतीयांश, तोहि ठराविक मर्यादेंत, कंपनीनें ठेवावा. उरलेल्यांतला अर्धा भाग दर स्थिर राखण्याच्या राखीव निधींत टाकावा. आणि दुसरा अर्धा ग्राहकांना सूट म्हणून परत द्यावा किंवा त्यांच्या नांवें पुढें ओढावा.

या नियमावरून एक खटला उभा राहिला. पुण्याच्या कंपनीनें ग्राहकांच्या हिताची म्हणून कांहीं रक्कम निराळ्या खात्यांत टाकली होती. प्राप्तिकर खात्यानें म्हटलें, हाहि तुमचा नफाच. त्यावर कर भरा. मुंबई उच्च न्यायालयानें खात्याचें म्हणणें मान्य केलें. कंपनी सर्वोच्च न्यायालयांत गेली, आणि १९६५ सालीं त्या न्यायालयानें निकाल दिला कीं, कायद्यानें जी रक्कम ग्राहकांसाठीं बाजूला ठेवावयाची ती कंपनीच्या खऱ्या नफ्याचा भाग नव्हेच. खटला कराचा होता. परंतु त्यांतून निघालेलें तत्त्व घरोघरच्या बिलाला लागू आहे. कंपनी खाजगी असली तरी तिच्या गल्ल्यांतला प्रत्येक रुपया तिचा नसतो. वाजवीपलीकडचा रुपया ज्याच्याकडून आला त्याचा त्यावर हक्क असतो. हा हक्क कंपनीच्या औदार्यानें मिळालेला नव्हता. नियम स्पष्ट होता आणि हिशेब न्यायालयापुढें मांडतां येण्याजोगा होता, म्हणून तो टिकला.

स्वातंत्र्यानंतर वारें सार्वजनिक मालकीकडे वळलें. २० जून १९६० रोजीं महाराष्ट्र राज्य विद्युत मंडळ स्थापन झालें, आणि कालांतरानें पुण्याचा पुरवठाहि मंडळाकडे आला. या मंडळाचें एक काम कोणी विसरूं नये. १९६२ सालीं कोयनेची वीज वाहूं लागली, आणि पुढच्या तीस वर्षांत मंडळानें जवळजवळ प्रत्येक गांवापर्यंत तारा नेल्या. जेथें दहा दिवे लागावयाचे आणि खांब मात्र शंभर रोवावयाचे, अशा डोंगरकपारींतल्या वस्तीवर नफ्यासाठीं निघालेली कंपनी आपण होऊन गेली असती, असें मानावयाला आधार नाहीं.

पण याच मंडळाच्या वहींत एक मोठें भोंक होतें. शेतीपंपांपैकीं पुष्कळांना मीटर नव्हते. अश्वशक्तीवरून ठोकळ आकारणी होई. त्यामुळें जी वीज चोरीला गेली, जी कारखान्यांत मोजलीच गेली नाहीं, ती ‘शेतकऱ्यानें वापरली’ असें लिहिलें कीं हिशेब जुळे. गळती शेंकडा वीसच्या आंत आहे, असें मंडळ वर्षानुवर्षें सांगत असे. १९९९ सालीं महाराष्ट्र विद्युत नियामक आयोग स्थापन झाला आणि २००० सालीं मंडळाचे आंकडे प्रथमच जाहीर सुनावणींत तपासले गेले. तेव्हां गळती शेंकडा तीसच्याहि वर असल्याचें उघड झालें. ज्या शेतकऱ्याच्या नांवावर ती वीज खर्ची पडली, त्यानें ती पाहिलीहि नव्हती. सार्वजनिक मालकी म्हणजे सार्वजनिक हिशेब, असें आपोआप होत नाहीं, हा तिसरा धडा.

चौथा धडा फार महाग पडला. विजेचा तुटवडा भासूं लागला तेव्हां खाजगी भांडवल बोलवावें असें ठरलें, आणि १९९२ सालीं अमेरिकेच्या एन्रॉन कंपनीशीं बोलणें झालें. डिसेंबर १९९३ मध्यें मंडळानें गुहागर तालुक्यांतील दाभोळ प्रकल्पाची वीज विकत घेण्याचा करार केला. विजेची किंमत डॉलरशीं आणि इंधनाच्या भावाशीं बांधलेली. मंडळानें वीज उचलो वा न उचलो, वीजघराचा स्थिर आकार देणें भाग. त्यावर राज्य सरकारची हमी आणि तिच्यावर केंद्र सरकारची प्रतिहमी. पुण्यांतील ‘प्रयास’ संस्थेच्या अभ्यासकांनीं १९९५ सालीं या कराराची आंकडेमोड करून त्याचा बोजा मंडळाला झेपणार नाहीं असें दाखविलें. त्याच वर्षीं ऑगस्टमध्यें सरकारनें करार रद्द केला, पण फेरवाटाघाटी होऊन १९९६ सालीं प्रकल्प पुन्हा उभा राहिला. मे १९९९ मध्यें वीज सुरू झाली. रुपया घसरला, इंधन महागलें, आणि वीज जितकी कमी उचलावी तितका प्रत्येक युनिटावरचा स्थिर आकार वाढत जाई. मंडळाला बिलें भरवेनात. मे २००१ मध्यें वीजघर बंद पडलें आणि डिसेंबरमध्यें एन्रॉननें अमेरिकेंत दिवाळें काढलें. येथें कंपनी खाजगी, ग्राहक सरकारी, आणि करार ज्यांच्या पैशांनीं फिटावयाचा त्या लोकांपुढें तो सही होण्यापूर्वीं आलाच नाहीं. दोन टोकांच्या मालकींतले दोष एका कागदावर एकत्र आले.

याच्या उलट उदाहरण पुण्यानेंच घालून दिलें. १९९८ व २००३ च्या केंद्रीय कायद्यांनीं विजेची रचना बदलली. ६ जून २००५ रोजीं मंडळाचे भाग पाडून वीजनिर्मिति, पारेषण व वितरण यांच्या निराळ्या सरकारी कंपन्या झाल्या, त्यांतली वितरणाची ती महावितरण. त्या सुमारास भारनियमनानें राज्य त्रस्त होतें. पुण्यांत उद्योजकांच्या संघटनेनें एक तोडगा मांडला: कारखान्यांतील स्वतःचीं जनित्रें गर्दीच्या वेळीं चालवावींत, त्यामुळें वांचलेली वीज शहराला मिळावी, आणि त्या महाग विजेचा जादा खर्च शहरांतील ग्राहकांनीं बिलांतून थोडा थोडा सोसावा. आयोगापुढें सुनावणी झाली, आकार ठरला, लहान ग्राहकांना त्यांतून वगळलें, आणि २००६ च्या जूनपासून पुण्यांतलें भारनियमन थांबलें. शहराला पैशांनीं उजेड आणि खेड्याला अंधार, ही त्यावरची टीका खोटी नव्हती. तरी एक गोष्ट सिद्ध झाली. कशासाठीं, किती आणि किती दिवस, हें उघड सांगितलें तर पुणेकर जादा पैसे द्यावयालाहि तयार होतो.

खाजगीकरणाचा त्यापुढचा प्रयोग फ्रँचायझीच्या रूपानें झाला. यांत तारा व मालकी महावितरणची. बिल वसूल करणें, गळती रोखणें, तारा दुरुस्त ठेवणें हें काम ठराविक मुदतीसाठीं खाजगी कंपनीचें. भिवंडींत निम्म्याहून अधिक विजेचे पैसेच हातीं येत नसत. २६ जानेवारी २००७ रोजीं टोरेंट कंपनीनें तेथील कारभार हातीं घेतला आणि गळती पुष्कळच खालीं आणली. मग २०११ सालीं नागपूरचा कांहीं भाग, तेव्हांचें औरंगाबाद आणि जळगांव या तीन ठिकाणीं तोच प्रयोग केला. औरंगाबादचा करार २०१४ सालीं व जळगांवचा २०१५ सालीं संपुष्टांत आला. नागपूरचा कारभार २०१९ सालीं महावितरणकडे परतला. पद्धत तीच, कायदा तोच. एका गांवीं ती फळली, तीन गांवीं फसली. आणि जेथें ती फसली तेथें दुसऱ्या दिवशीं तारा सांभाळावयाला सरकारी कंपनी शिल्लक होती म्हणून दिवे लागले, हेंहि विसरतां येत नाहीं.

महाराष्ट्राबाहेर पाहिलें तरी हेंच दिसतें. ओडिशानें १९९९ सालीं वीजवितरण खाजगी कंपन्यांकडे दिलें. त्यांपैकीं एका विभागांतून अमेरिकन कंपनी २००१ सालीं निघून गेली, उरलेल्या तीन विभागांचे परवाने २०१५ सालीं रद्द झाले, आणि २०२० पासून टाटा कंपनीकडे पुन्हा नव्यानें कारभार सोंपविला गेला. दिल्लीनें जुलै २००२ मध्यें तोच मार्ग धरला. तेथें गळती शेंकडा पन्नासहून दहाच्या आंत आली, ही कामगिरी मोठी खरी. पण दर वाढूं न देण्यासाठीं खर्चाची बाकी पुढें पुढें ढकलली गेली आणि तिचा डोंगर झाला. अशा थकलेल्या रकमा ठराविक मुदतींत फेडून टाकाव्या असा निर्णय सर्वोच्च न्यायालयानें ऑगस्ट २०२५ मध्यें दिला. आज कमी दिसणारें बिल उद्यांच्या नांवावर लिहिलेलें कर्ज असूं शकतें.

या सर्व अनुभवाच्या पार्श्वभूमीवर ४ जानेवारी २०२३ चा दिवस आठवावा. मुलुंड-भांडुपपासून ठाणें, नवी मुंबई, पनवेल, उरणपर्यंतच्या भागासाठीं अदानी समूहाच्या कंपनीनें समांतर परवाना मागितला होता. एकाच भागांत दोन वितरक असूं शकतात, असें २००३ चा कायदा सांगतो. त्याविरुद्ध राज्यांतील वीज कर्मचाऱ्यांनीं बहात्तर तासांचा संप पुकारला. पुण्याच्या कांहीं भागांतहि त्या दिवशीं पुरवठा खंडित झाला. ऊर्जामंत्री देवेंद्र फडणवीस यांच्याशीं बोलणीं होऊन संप त्याच दिवशीं मागें घेतला गेला, पण प्रश्न मिटला नाहीं.

समांतर परवान्याच्या बाजूनें बोलणारे म्हणतात, दुसरें दुकान आलें म्हणजे पहिला दुकानदार गोड बोलूं लागतो. यांत तथ्य आहे. मुंबईच्या उपनगरांत २००९ नंतर ग्राहकांना दुसऱ्या कंपनीकडे जाण्याची मुभा मिळाली आणि लाखों ग्राहक गेलेहि. पण नवी कंपनी मोठीं गिऱ्हाइकें आधीं उचलते, अशी तक्रार तेथेंहि आयोगापुढें आलीच. विजेच्या दुकानाची गोष्ट निराळी असते ती अशी: मोठा कारखाना आणि मोठें दुकान खर्चाहून अधिक दर देतात, त्यावर गरीब घराचा व शेतीपंपाचा दर तोललेला असतो. नवा वितरक आला आणि भरघोस बिल देणारीं गिऱ्हाइकें उचलून गेला, तर जुन्याच्या पदरीं उरतात वाड्यावस्त्या, लहान घरें आणि थकबाकी. मग तूट कोणाच्या बिलांत घालावयाची? शहराच्या मध्यभागीं राहणाऱ्या पुणेकराला दोन कंपन्यांचीं पत्रकें येतील. परंतु त्याच्याच घरीं धुणें-भांडीं करावयाला येणारी बाई ज्या वस्तींत राहते, तेथपर्यंत दुसरी तार जाईल काय, हें परवान्यांत आधींच लिहिलेलें असलें पाहिजे.

म्हणून ‘सरकारी कीं खाजगी’ हा प्रश्न घरांतल्या जेवणाच्या पंक्तींत निघाला, तर त्याच्या आधीं दुसरे कांहीं प्रश्न विचारावे. करार सही होण्यापूर्वीं लोकांना वाचावयाला मिळणार आहे काय? गळती मोजली जाणार आहे, कीं नुसती अंदाजानें लिहिली जाणार आहे? लहान ग्राहक आणि मोठा ग्राहक यांना सारखीच दारें उघडीं राहतील काय? वाजवीहून अधिक नफा झाला तर तो कोणाचा? आणि चालविणारा मध्येंच सोडून गेला, तर दुसऱ्या दिवशीं तारेला हात कोण लावणार? या प्रश्नांचीं उत्तरें समाधानकारक असतील तर खाजगी कंपनीलाहि भिण्याचें कारण नाहीं. नसतील तर सरकारी पाटीवरहि विसंबून राहतां येणार नाहीं. पुण्याच्या जुन्या कंपनीला कायद्यानें ग्राहकांचा वाटा बाजूला काढावयाला लावलें, आणि राज्याच्या स्वतःच्या मंडळाला उघड सुनावणीनें खरी गळती कबूल करावयाला लावलें. दोन्ही ठिकाणीं ग्राहकाच्या उपयोगीं पडली ती तपासणी.

ही तपासणी घरापासून फार दूर आहे असेंहि नाहीं. दरवाढीचा प्रस्ताव आला म्हणजे त्याची नोटीस वर्तमानपत्रांत येते, सूचना व हरकती मागविल्या जातात, आणि पुण्यांत कौन्सिल हॉलमध्यें अशा सुनावण्या भरलेल्या आहेत. २०२५ सालीं तर काय घडलें तें पाहा. जाहीर सुनावण्यांनंतर २८ मार्चला आयोगानें दर उतरविणारा आदेश काढला. महावितरणनें हरकत घेतल्यावर २ एप्रिलला त्याला स्थगिति मिळाली. आणि २५ जूनला फेरविचाराचा निराळा आदेश निघाला. तीन महिन्यांत तीन वेळां घराघरांतल्या खर्चाचा आंकडा हालला. त्या काळांत किती घरांत ते आदेश वाचले गेले? आणि हरकतीचें एक तरी पत्र पेठेंतून किंवा कोथरुडांतून गेलें असलें, तर तें किती जणांनीं मिळून लिहिलें होतें?

शंभर वर्षांपूर्वीं मुळशीच्या शेतकऱ्याला असा कोणताहि मंच नव्हता. त्याला जमिनीवर आडवें पडावें लागलें. आज तसें करावें लागत नाहीं. दोन-चार शेजाऱ्यांनीं एकत्र बसून गेल्या वर्षाचीं बारा बिलें टेबलावर मांडावींत, कोणता आकार कधीं व किती वाढला तें एका कागदावर उतरवावें, आणि पुढची नोटीस निघेल तेव्हां तो कागद, साध्या मराठींत चार ओळी लिहून, आयोगाकडे पाठवावा. पंखा कोणी चालूं ठेवला होता याची चौकशीहि खुशाल चालूं ठेवावी. वीज वांचली तर पैसे वांचतातच. परंतु तेवढीच चौकशी करून चष्मा पुन्हा घरांत ठेवून देऊं नये. बिलाच्या मागच्या पानावर बारीक अक्षरांत आणखी पुष्कळ लिहिलेलें असतें.